पाहुणी आणि उत्तरेची भिंत

तापीकाठच्या आमच्या गावात, शनवारा पेठेतल्या आमच्या घरी हिवाळा आभाळातून ओरडत यायचा. दिवाळीचे आकाशकंदील उतरून झालेले असत, गल्लीतल्या मागांची खटखट दिवस मावळताना थांबे, आई चुलीपुढं ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापत बसलेली असे, आणि तेवढ्यात वरून एकदम तो आवाज यायचा. घशातून काढलेला, थोडासा घोगरा, एकानं साद घालावी आणि मागच्यानं ओ द्यावी असा. आई पिठाच्या हातांनी तशीच अंगणात यायची आणि म्हणायची, "आले ग बाई." दादा, म्हणजे माझे वडील, हातातली वही ठेवून बाहेर येत. ते शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही तिघं माना वर करून उभे राहायचो आणि राखी रंगाच्या रानहंसांची ती मोडकी माळ घरावरून जायची. दिवसभर ते तापीच्या वाळवंटात बसून राहत आणि अंधारायला लागलं की हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतांत चरायला निघत. पुढं होळीच्या सुमाराला एक दिवस ते दिसेनासे होत. का येतात, का जातात, हे मी दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी मला वेगळं उत्तर मिळायचं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी आमच्या घरी माधवकाका राहायला आले. काका दादांचे धाकटे भाऊ. माळव्यातल्या एका लहानशा संस्थानात ते शिकारखान्याचे दरोगा होते. पाहुण्यांसाठी शिकारीची व्यवस्था करायची, जंगलात कुठं काय आहे त्याची खबर ठेवायची, बंदुका साफ करून घ्यायच्या, असं त्यांचं काम. तेव्हा रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन झाल्याची बातमी यायची. दादांच्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात संस्थानं पिवळी होती, आणि नवा नकाशा येईपर्यंत दादा मुलांकडून त्या पिवळ्या ठिपक्यांवर गुलाबी रंग चढवून घेत. असाच एक ठिपका रंगला आणि काकांची नोकरी गेली. राजेसाहेबांनी जाताना आपली दुर्बीण त्यांच्या गळ्यात घातली होती. ती दुर्बीण, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन काका टांग्यातून उतरले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आईनं ओसरीवरची खोली झाडून दिली.

लहानपणापासून मी पाहिलेले काका मोठ्यानं हसणारे, निम्मं हिंदी बोलणारे, मला खांद्यावर घेऊन राजघाटाच्या पायऱ्या उतरणारे होते. हे काका ओसरीवर बसून राहायचे. बशीतला चहा निवून जायचा. कुणी "किती दिवस मुक्काम?" असं विचारलं की उठून आत जायचे. आई त्यांच्यासाठी मुद्दाम दराबा करायची. रवा तुपात भाजून, साखर घालून, हात दुखेस्तोवर घोटायची. काका म्हणायचे, "वहिनी, बहुत बढिया," आणि निम्मा ताटात ठेवायचे. तो ताटात राहिलेला दराबा बघून आईला किती वाईट वाटायचं, ते मला आता, माझ्या हातचं कुणी ताटात टाकलं की कळतं.

माघातल्या एका सकाळी सखूबाई भोईण डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. तिची तापीच्या वाळूत डांगरवाडी होती. उन्हाळ्यात आमच्याकडची टरबुजं-खरबुजं तिच्याच वाडीतली असायची. पण माघात कुठली टरबुजं? तिनं पाटी उतरवली, वरचं फडकं काढलं, आणि आतून एक लांब मान बाहेर आली. पांढरंशुभ्र डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, पिवळी चोच. मान बाहेर आली तशी ती फुसकारलीच.

"हाई पाखरू वाळूम्हा पडेल व्हतं," सखूबाई म्हणाली. "काल साहेबलोक बंदुका लिसन उनथात. बाकीना उडी ग्यात, हाई राहिनं. मारानं मन नई व्हयनं माय, म्हनीसन तुमनाकडे आनं."

"आमच्याकडं कशाला?" आई दोन पावलं मागं सरकली. "आमच्यात कोणी खात नाही बाई."

"खावाले कोन सांगस? मास्तर शिकेल मानूस शेतस. त्यास्ले ठाऊक राही काय करानं ते."

शिकलेल्या मास्तरांना काहीच ठाऊक नव्हतं. दादा चष्मा पुसत पाटीभोवती फिरले. "अंसर इंडिकस," असं त्या रानहंसाचं काहीतरी लॅटिन नाव पुटपुटले आणि हात पुढं केला तर चोचीचा असा दणका बसला की हात झटकत मागं आले. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "भाऊ, बाजूला व्हा." काका उठले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा त्या पक्ष्याच्या डोक्यावर टाकला, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरले आणि मांडीवर घेतला. बंदुकीच्या छऱ्यांनी उजव्या पंखाची मोठी पिसं तुटून गेली होती, मांस फाटून रक्त वाळलं होतं. काकांनी बोटांनी चाचपलं. "हड्डी साबूत आहे. कुमे, गरम पाणी आण. हळद आण. वहिनी, जुनेरं द्या एखादं."

आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तो पंख बांधला गेला. बांधून झाल्यावर काका म्हणाले, "पंधरा दिवसांत उडेल बघा." हे त्यांचं भाकीत साफ चुकलं, पण त्या दिवशी दुपारी ते पोटभर जेवले. आईनं मला डोळ्यांनी खुणावून ताट दाखवलं. ते स्वच्छ होतं.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाले मानसी ठेवू, कारण हे हंस मानस सरोवराकडून येतात. पण आई पहिल्या दिवसापासून "पाहुणीला पाणी ठेवलं का," "पाहुणीला हरभरे घातले का," असंच म्हणत होती, आणि तेच नाव पडलं. ती नर होती की मादी हे कुणालाच कळत नव्हतं. काकांनी सांगून पाहिलं की वहिनी, यांच्यात वरून ओळखता येत नाही. आई म्हणाली, "मला येतं." विषय संपला. खरे पाहुणे आले की मोठी गंमत व्हायची. एकदा दादांच्या शाळेतले एक शिक्षक ओसरीवर बसले असताना आईनं आतून विचारलं, "पाहुणीनं घाण केली ती धुतली का ग?" बिचारे चहा न घेताच उठले.

अंगणात दगडी हौद होता, त्यात ती दिवसभर डुंबायची. भिजवलेले हरभरे, गव्हाचे कोंब, लसूणघास, जे घालू ते खायची. दूधवाल्यावर फुसकारायची. आई अंगणात आली की तिच्या मागं मागं, पायघोळ लुगड्यातल्या बाईसारखी डुलत चालायची, आणि आई स्वयंपाकघरात गेली की उंबऱ्यापाशी बसून हाका मारायची. एकदा शेजारून मावा-जिलबी आली होती. बशी ओट्यावर ठेवून मी पाणी आणायला वळले तर पाहुणीनं एक काळीभोर जिलबी उचलली, मान हलवून हलवून तिचे तुकडे केले आणि पाकानं बरबटलेली चोच हौदात धुतली. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. कित्येक महिन्यांत आमच्या घरात तसं हसू ऐकू आलं नव्हतं. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

फाल्गुन लागला आणि पाहुणीची भूक वाढली. तशी साधी भूक नव्हे. सकाळी पाटीभर घास फस्त, दुपारी पुन्हा दारात हजर. अंगानं ती गोल झाली. आई म्हणाली, "हिला डोहाळे लागलेत." मग होळीनंतरच्या एका संध्याकाळी हंसांचा मोठा थवा घरावरून गेला. रोजच्यासारखा शेतांकडं वळला नाही. उंच होता आणि सरळ चालला होता. पाहुणी अंगणात मान ताणून उभी राहिली आणि तिनं अशी हाक मारली की मी कानांवर हात ठेवले. वरून उत्तर आलं. थवा थांबला मात्र नाही.

त्या दिवसापासून ती बदलली. हौदात उतरेना. उत्तरेकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची, भिंतीला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची, वळायची, परत यायची. संध्याकाळ झाली की हे फारच वाढे. मध्येच बांधलेला पंख सोडवायला धडपडायची, एकाच पंखानं फडफडत धावायची आणि तुळशीवृंदावनावर आदळायची. समोर हरभरे ठेवले तर बघायचीही नाही.

"उकडत असेल तिला," दादा म्हणाले. "थंड मुलखातला पक्षी आहे. उन्हाळा वाढला की ते उत्तरेला जातात, दुसरं काय?"

"मग थंड करून बघू," काका म्हणाले. त्यांनी अंगणावर गोणपाटाचा मांडव घातला. मी आणि ते दिवसभर त्यावर पाणी शिंपडत होतो. खाली इतका गारवा झाला की दुपारी आईनं तिथंच चटई टाकली. पाहुणी आईला ओलांडून भिंतीशी गेली.

"खाण्याचं असेल," मी म्हणाले. "शेतं कापून झाली. यांना कळत असेल की आता इथं काही मिळणार नाही."

म्हणून काकांनी कुठून तरी कोवळा हिरवा गहू मिळवून आणला. मी तो तिच्या चोचीपुढं धरला. तिनं एक पातं घेतलं, टाकलं आणि चालू लागली.

"नदीवर जायचं असेल," दादा म्हणाले.

"भाऊ, नदी कुठं आहे? तिच्या पाठीमागं! ती तर नदीकडं बघतही नाही."

मग दादांनी शाळेतून होकायंत्र आणलं आणि भिंतीपाशी ठेवलं. पाहुणी पुन्हा पुन्हा जिथं थांबत होती, तिथं आणि काट्याच्या टोकात जेमतेम वीतभर फरक होता. माझे वडील कधी फारसे चकित व्हायचे नाहीत. त्या संध्याकाळी ते होकायंत्र हातात घेऊन अंगणातच मटकन बसले आणि म्हणाले, "माधव, हिला नकाशा पाठ आहे रे."

आई भाजी निवडत होती. ती शांतपणे म्हणाली, "काय एवढं डोकं लावून राहिले तुम्ही? तिला अंडी घालायची आहेत. पहिलटकरणीला काय ऊन लागतं म्हणून ती माहेरी जाते का? का सासरी खायला नसतं? दिवस आले की ओढच लागते."

पुढं मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा हेच सारं पुस्तकांत वाचलं. दिवस मोठा होऊ लागला की त्या वाढत्या उजेडानं त्यांच्या अंगात बदल होतात, भूक वाढते, चरबी साठते आणि ठरल्या वेळी निघायची ओढ लागते, मग समोर कितीही दाणे असोत. तिकडं तिबेटात, लडाखात, तळ्यांवरचा बर्फ वितळलेला असतो, कोवळं गवत उगवलेलं असतं, दिवस लांबलचक असतात आणि बेटांवर पिलांना धोका कमी असतो. तिथं घर मांडायचं. थंडीत तीच तळी गोठली की पिलांना वाट दाखवत इकडं यायचं. हे सगळं मी मुलींना फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. पण दरवर्षी आधी आईचं वाक्य सांगायची आणि मग पुस्तकातलं. मुलींना परीक्षेत आईचंच वाक्य आठवायचं.

कारण कळलं म्हणून पाहुणीचा त्रास कमी झाला नाही. एका संध्याकाळी धडपडताना तिची जखम उघडली आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. काकांनी तिला पुन्हा मांडीवर घेतलं, पुन्हा हळद भरली, आणि या वेळी दोन्ही पंख अंगाशी बांधून टाकले. ती चोच उघडी ठेवून धापा टाकत होती. "मरेल का हो?" मी विचारलं. काकांनी पट्टीची गाठ मारली. मग म्हणाले, "थवा गेला, ही राहिली. कसं वाटत असेल, मला विचार ना." त्यांचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

वैशाख संपता संपता तिची ती वेडी चाल आपोआप थांबली. जशी लागली तशीच ओढ ओसरली, आणि काकांनी पंखांवरच्या पट्ट्या सोडल्या. ती हौदात बसू लागली, आईच्या मागं फिरू लागली. आम्हाला हायसं वाटलं. आणि मग श्रावणात, एका सकाळी बघतो तर अंगणभर पिसं! दोन्ही पंखांची मोठी मोठी पिसं एकामागून एक गळून पडत होती. चार दिवसांत पंखांचे नुसते ठोंब राहिले. आई रडायलाच लागली. "गेली ग ही आता," म्हणाली. काका मात्र अंगणात उकिडवे बसले होते, तिचा उजवा पंख पसरून डोळ्यांजवळ धरला होता. "वहिनी, इकडं या. रडू नका, इकडं या आधी." जिथं छऱ्यांनी पिसं तुटली होती तिथं निळसर, कोवळे कोंब फुटत होते. डाव्या पंखावर जसे, तसेच उजव्यावर. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की हे पक्षी दरवर्षी उडायची पिसं एकदम टाकतात आणि नवी घेतात. काका एवढी वर्षं शिकारखान्यात होते, पण श्रावणातला हंस त्यांनीही कधी पाहिला नव्हता. त्या महिन्यात हंस असतातच कुठं इथं?

नवरात्रात पाहुणी पहिल्यांदा उडाली. हौदावरून उठली आणि न्हाणीघराच्या पत्र्यावर धाडकन आदळून उतरली. साऱ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग रोजचाच खेळ झाला. पत्रा, तिथून शेजारची गच्ची, तिथून परत अंगण. जेवायच्या वेळेला बरोबर घरी.

हंस परत आले तसं आम्ही तिला नदीवर न्यायचं ठरवलं. आईनं आदल्या दिवशीपासून पुरणाचा घाट घातला. टोपलीवर फडकं बांधून काका टांग्यात पुढं बसले, मी आणि आई मागं, दादा सायकलवर, आणि गल्लीतली निम्मी पोरं पायी. राजघाटासमोर नदीत असलेल्या दगडी हत्तीच्या पलीकडून सखूबाईच्या नवऱ्यानं आम्हाला होडीतून वाळवंटाकडं नेलं. थवा दूर बसला होता. काकांनी फडकं काढलं. पाहुणी बाहेर आली, इकडं तिकडं बघितलं आणि आईच्या लुगड्याशी येऊन उभी राहिली.

"अग, जा ना," आई म्हणाली. "तुझी माणसं आहेत ती."

ती थव्याकडं चालत गेली. दोघांनी माना खाली घालून तिच्यावर धाव घेतली आणि ती पळत परत आली. पुन्हा गेली, पुन्हा हाकलली. आम्ही घरी निघालो तेव्हा ती थव्यापासून वेगळी, वाळूवर एकटी उभी होती. पुरणपोळ्या त्या दिवशी कुणाच्या घशाखाली उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून काका रोज पहाटे दुर्बीण घेऊन नदीवर जाऊ लागले आणि आल्याबरोबर दारातूनच बातमी देऊ लागले. "आज जवळ बसली आहे." "आज एकानं हाकललं नाही." आणि शेवटी एकदा पायातले जोडेही न काढता थेट चुलीपाशी येऊन, "वहिनी! मधोमध! थव्याच्या मधोमध बसली आहे!"

नदीवरच त्यांची ओळख जंगलखात्यातल्या एका रेंजरसाहेबांशी झाली. साहेबांना दुर्बीण बघायची होती. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की या माणसाला जनावराची वाट, पाण्याची जागा, झाडाचं वय, सगळं कळतं. त्यांनी डोईफोडियाकडच्या जंगलात नोकरी देऊ केली. दादांना आनंद झाला, आई तर लगेच डबे काढायला लागली. काका म्हणाले, "साहेबांना सांगितलंय, होळीनंतर येतो. पाहुणीला एकदा मार्गी लावू द्या." साहेब चांगले होते. थांबले.

होळी झाली. रंगपंचमीचा रंग अजून घाटाच्या पायऱ्यांवर होता. त्या संध्याकाळी काका धापा टाकत घरी आले आणि म्हणाले, "चला, सगळे चला, आज त्यांचं लक्षण वेगळं आहे." आम्ही होतो तसे निघालो. आईच्या हाताला पीठ होतं. वाळवंटातला सारा थवा उभा होता, माना उंच, तोंडं एकाच दिशेला, आणि सगळे एकदम बोलत होते. मग पुढचे धावले, उठले, आणि त्यांच्या मागं सारी वाळू उठल्यासारखी झाली. ते नदीवर एक फेरा घेऊन आमच्या डोक्यावरून आले. काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली होती. "ती! ती बघ, डावीकडून चौथी. उजवा पंख जरा वेगळा मारते." त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. मला पंखच पंख दिसले. त्यातली आमची कोणती, हे मला तेव्हाही ओळखता आलं नाही आणि काकांना तरी खरंच आलं होतं का, कोण जाणे. पण मी म्हणाले, "हो, दिसली!" आई मागं लागली, "मला दाखवा, मला दाखवा," आणि दुर्बीण उलटी धरून बघू लागली. दादा हसून हसून बेजार झाले. थवा नदीकाठच्या किल्ल्यावरून वळला, उत्तरेला लागला, लहान लहान होत गेला.

नदीवर वारा सुटला होता. काकांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली ती परत मागितलीच नाही. पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि आईकडं वळून म्हणाले, "वहिनी, सकाळी दोन दशम्या बांधून द्या. डोईफोडियाला निघतो म्हणतो."

आई म्हणाली, "दोन कशाला? चांगल्या सहा देते, वर शेंगदाण्याची चटणी. आणि दिवाळीला आला नाहीत, तर मीच येईन तिकडं तुम्हाला आणायला."